पाच वाक्यं, तीस माणसं

४ सप्टेंबर, गुरुवार

तीस माणसं आणायची कुठून? ग्लोरियाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "सिडनीत स्पॅनिश बोलणारे हजारो आहेत. तुम्ही फक्त तोंड उघडा." त्यांना काय जातंय बोलायला. त्या चिलीच्या, शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या, आणि बोलायला लागल्या की आगगाडी.

पद्धत अशी: दर गुरुवारी पाच वाक्यं मिळतात. ती पाठ करायची, फोनवर आपल्याच आवाजात रेकॉर्ड करून ऐकायची, आणि आठवडाभरात तीस जणांना म्हणून दाखवायची. प्रत्येक माणसामागे वहीत एक टिंब. तीस टिंबं झाली तरच पुढची पाच. व्याकरण नाही, धडे नाहीत. लहान मूल असंच शिकतं म्हणे. लहान मुलाला चाळिसाव्या वर्षी लाज वाटत नाही, एवढाच फरक.

या आठवड्याची वाक्यं: माझं नाव चित्रा. मी भारतातून आले. मी पेंडल हिलला राहते. आम्ही फेब्रुवारीत बोलिव्हियाला जाणार आहोत. मला फार आनंद होतो आहे.

यतिनने आज आपली पाचही वाक्यं न्हाव्याला ऐकवली. तो शांतपणे ऐकत होता, मान डोलवत होता. शेवटी कळलं तो लेबनॉनचा! यतिनने तरी टिंब दिलं. मी म्हटलं हे खोटं आहे, तर म्हणतो, "माणूस तर होता ना?"

७ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या मंडळीत अकरा टिंबं झाली. फेअरफील्डकडची ही स्पॅनिश मंडळी म्हणजे साठ-सत्तर म्हातारे. पन्नास वर्षांपूर्वी आलेले, कारखान्यांत राबलेले, आता मुलं इंग्लिश चर्चला जातात आणि हे इथे उरलेत. पाळक गेल्या वर्षी निवृत्त झाले. आम्ही इथे फक्त शिकायला येतो, पण कॉफीच्या वेळी सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी मलाच करावी लागते. त्यात वाक्यं पुरत नाहीत, मग हातवारे.

यतिन प्रत्येकाला "सी" म्हणतो. हो, हो. काहीही विचारलं तरी हो. आज रोसाबाईंनी त्याला विचारलं की तुझी आई वारली का. सी, म्हणाला हसत. सासूबाई नगरला ठणठणीत आहेत. नुपूरने मध्ये पडून निस्तरलं. तिला त्या फोनच्या ॲपवरच निम्मं यायला लागलंय. "आई, इट्स नॉट दॅट हार्ड." बारा वर्षांची आहे, तिला काय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तीस टिंबांचा प्रश्न सुटला. मी काम करते त्या वृद्धांच्या होममध्ये खोली नंबर चौदामध्ये दोन्या एल्बा, म्हणजे एल्बाबाई, आल्या आहेत. वय शहाऐंशी, मूळच्या उरुग्वेच्या. इंग्लिश सगळं विसरल्या, आता फक्त स्पॅनिश. कोणीच बोलू शकत नाही म्हणून रोस्टरवाल्या पोरीने माझं नाव लावलं. म्हणाली, "यू स्पीक स्पॅनिश, डोन्ट यू?" मी म्हटलं, पाच वाक्यं बोलते.

पाच पुरली! सकाळी आंघोळ घालताना म्हटली, त्यांनी कौतुकाने ऐकली. जेवणाच्या वेळी गेले तर म्हणाल्या, "तू कोण, पोरी?" परत पाच. चहाला परत पाच. दरवेळी तेवढंच नवल, तेवढाच आनंद. ग्लोरियाबाईंना फोन करून विचारलं की एकच माणूस सहा वेळा धरला तर चालेल का. बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "ती जर तुला सहा वेळा नव्याने भेटत असेल तर ती सहा माणसं आहेत."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज एल्बाबाईंचे केस विंचरत होते. बोलिव्हियाचं चौथं वाक्य म्हटलं, आनंदाचं पाचवं म्हटलं. त्या आरशातून बघत होत्या. म्हणाल्या, "आनंद होतोय असं तोंड नाही तुझं."

मला नीट समजलं, हीच पंचाईत. न समजतं तर बरं होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

दुपारी आम्हाला बोलिव्हियाला पाठवणाऱ्या मिशनच्या समितीशी झूम. पेरूत वीस वर्षं काढलेले ग्रॅहम समितीचे प्रमुख आहेत, माणूस भला. नकाशा दाखवला, घर दाखवलं, पाण्याची योजना दाखवली. डोंगरावरचा झरा नळाने खाली तीन वस्त्यांत आणायचा. यतिन खुर्चीच्या टोकावर. इथे कौन्सिलमध्ये नऊ वर्षं लोकांच्या पावसाळी गटारांचे आराखडे तपासतोय. तिकडे पाणी प्यायला द्यायचं. एकोणिसाव्या वर्षी त्याला देवाचं पाचारण झालं, नगरच्या तरुणांच्या शिबिरात. तेव्हापासून बोलिव्हियाचा नकाशा जवळ बाळगतो. लग्नाच्या आधी मला दाखवलेली पहिली वस्तू तीच. आता फ्रिजवर आहे, तीन मॅग्नेटवर.

मग अगदी शेवटी, निघता निघता, ग्रॅहम म्हणाले, "अँड नुपूर वुड बी ॲट द बोर्डिंग स्कूल, ऑफ कोर्स." गावात सहावीच्या पुढे शाळा नाही. बोर्डिंग दहा तासांच्या रस्त्यावर. वर्षातून तीनदा घरी.

ऑफ कोर्स.

यतिनने माझ्याकडे पाहिलं. मी हसले. माझं ते हसणं कुणालाही फसवतं. बाबा पाळक होते, आलेल्या प्रत्येकाला हसून चहा देण्यात वाढले मी.

वाढले म्हणजे सातव्या वर्षापर्यंत. त्यानंतर बाबांची बदली लांबच्या खेड्यांत झाली आणि मला मिशनच्या बोर्डिंगात टाकलं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव, फ्रॉकच्या कॉलरला त्रेचाळीस नंबर. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई यायची, लाडवांचा डबा आणायची, तो मेट्रनकडे जमा व्हायचा. ती निघाली की मी तिच्याकडे पाठ करून उभी राहायचे, म्हणजे ती जाताना दिसत नसे. तिला वाटायचं मी रागावले. ते शेवटपर्यंत तिला सांगितलं नाही आणि आता ती नाही. बाबांची सेवा मोठी होती, हजारोंना त्यांचा आधार होता, सगळं खरं. पण मी नुपूरला तशा बोर्डिंगच्या दारात उभी करणार नाही.

हे यतिनला सांगायला हवं. सोपं आहे. मराठीत सांगायचंय, स्पॅनिशमध्ये नव्हे.

२९ सप्टेंबर

नाही सांगितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

इथली उन्हाळी वेळ सुरू झाली, घड्याळं पुढे सरकवली. एक तास गेला, तेवढीच सबब.

बोलू लागले की मराठीत फार शब्द येतात मला. पाचारण, समर्पण, त्याग, प्रभूची इच्छा. लहानपणापासून कानावर पडलेले. एक वाक्य सुरू करावं तर दुसऱ्याच शब्दाने संपतं आणि मी हो म्हणून बसते. आज दुपारी भांडी घासता घासता म्हटलं, "यतिन, नुपूरच्या शाळेचं जरा बोलायचं होतं." तो म्हणाला, "हो, मलाही तेच टोचतंय. पण प्रभू मार्ग काढेल, नाही?" मी म्हटलं, "काढेल ना." बस. झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दाबणारी पण मीच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक उद्योग केला. ग्लोरियाबाईंनी दिलेली वाक्यं बाजूला ठेवली आणि स्वतःची पाच लिहिली. क्रियापदं त्यांच्याच जुन्या वाक्यांतली, दोन शब्द ॲपमधून.

मला तिकडे जायचं नाही.
माझी मुलगी बारा वर्षांची आहे.
तिला दूर ठेवून मला देवाची सेवा करता येणार नाही.
मला भीती वाटते.
नवऱ्याला हे सांगायचं धैर्य मला होत नाही.

माझ्याजवळ स्पॅनिशचे दोनशे शब्द असतील. त्यांत खोटं बोलायला जागाच नाही! पुरतील तेवढे खऱ्याला पुरतात. नुपूरचा जुना, काच तडकलेला फोन आम्ही 'स्पॅनिशचा फोन' म्हणून ठेवलाय, त्याच्यावर पाचही रेकॉर्ड करून ऐकली. माझाच आवाज, आणि कुणीतरी धीट बाई बोलतेय असं वाटलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

एल्बाबाईंना म्हणून दाखवली. त्यांचे पाय पुसत होते, मान वर केली नाही. पाचवं संपल्यावर त्यांनी ओल्या हाताने माझी हनुवटी धरली. "मग नको जाऊस, पोरी." इतकंच! जसं काही मी विचारलं होतं की बटाटा घालू की नको.

रडले. तिथेच, टॉवेल हातात घेऊन. छातीवरचं ओझं एकदम निम्मं झालं. घरी येताना वेंटवर्थव्हिलला उतरून कढीपत्ता आणि ताजं खोबरं घेतलं, कारण नसताना.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रोज सांगते. रोज त्या नव्याने ऐकतात आणि रोज तेच उत्तर देतात. मग नको जाऊस. कुणाला असा सल्लागार मिळत नसेल. गुप्तही राहतं, कारण त्याच विसरतात.

पण वहीत टिंब देत नाही. हा अभ्यास नव्हे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. आधी सलाम, मग बातमी. नगरच्या मंडळीने आमच्यासाठी पाठवणीची सभा ठरवली आहे, जानेवारीत. पत्रिका छापायला टाकल्या. "अगं चित्रा, आपल्या मंडळीतून परदेशी मिशनरी जाणारं पहिलंच कुटुंब. पूर्वी गोरे लोक आपल्याकडे यायचे, आता आपण निघालो!" डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले, वेगळ्या कारणाने. त्यांना वाटलं भारावले.

पोटात एक आणि ओठात एक, असं किती दिवस चालणार? २३ नोव्हेंबरला परीक्षा. समिती येणार, आणि यतिनने भर उपासनेत स्पॅनिशमध्ये साक्ष द्यायची, आपण का जातोय त्याची. मग समिती आम्हा दोघांशी बोलणार आणि शिक्का. त्याच्या आधी सांगायलाच हवं.

१ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या गल्लीत जॅकारँडाच्या जांभळ्या फुलांचा सडा. यतिन दरवर्षी म्हणतो, गटारं तुंबणार.

साक्षीची तयारी जोरात. बिचाऱ्याचा उच्चार काही सुधारत नाही. शेवटी ठरवलं की मी त्याची वाक्यं रेकॉर्ड करून द्यायची आणि त्याने कामावर जाता-येता गाडीत ऐकायची. सकाळी बसून केलं. वाक्यं त्यानेच लिहिलेली: मी वीस वर्षं वाट पाहिली. मला तिथे पाणी न्यायचं आहे. वगैरे. माझ्या आवाजात मलाच ऐकवेना.

"स्पॅनिशचा फोन गाडीतच ठेवतो," म्हणाला. "तुझा आवाज ऐकत जाईन. नाहीतरी घरी कुठे ऐकतेस तू माझं."

"उलटं म्हणालास."

"बघ, ऐकत नाहीच."

४ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी यतिन गाडी लावून बराच वेळ आत बसून होता. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पोळ्या होत आल्या तरी आला नाही. नुपूरला पाठवलं. आला तेव्हा म्हणाला, बातम्या ऐकत होतो. जेवला नेहमीसारखा. आमटी दोनदा घेतली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दहा दिवस उरले. रोज सकाळी ठरवते, रोज रात्री नाही. देवाला म्हटलं, तूच काय ते कर. तूच सुचव, तूच सांग, मला नाही जमत. अशी उद्धट प्रार्थना बाबांनी ऐकली असती तर!

नुपूर फ्रिजसमोर उभी राहून नकाशा बघत होती. बोटाने मोजत होती. "आई, दहा तास म्हणजे इथून कुठपर्यंत?" मी म्हटलं, माहीत नाही गं. "ॲडलेड असेल बहुतेक," म्हणाली. "मी बघितलं." आणि दूध घेऊन खोलीत गेली.

तिने कधीच काही विचारलं नाही. जायचंय का, नाही का. शहाणी आहे, असं सगळे म्हणतात. मीही शहाणी होते. मेट्रन आईला तसंच सांगायची.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सांगितलंच असतं. वेंटवर्थव्हिलला डोसा खायला गेलो, दोघंच. नुपूर मैत्रिणीकडे गिरावीनला. ऑर्डर दिली, पाणी आलं, मी पेला दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "यतिन, मला तुला एक सांगायचंय. बरेच दिवस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परीक्षा होऊ दे. मग बोलू. काय असेल ते."

"आधीच सांगायला हवं."

"चित्रा. ऐक माझं. परीक्षा होऊ दे."

इतक्या हळू म्हणाला की माझं अवसानच गेलं. डोसा आला. चटणीत मीठ कमी होतं, त्यावर आम्ही दहा मिनिटं बोललो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शर्टाला इस्त्री केली त्याच्या. पांढरा. उद्या माझ्या हातून सगळं निसटणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहिते. आजचं आजच लिहायला हवं.

चर्च भरलेलं. समितीचे तिघं पहिल्या बाकावर, ग्रॅहम मध्ये. ग्लोरियाबाई माझ्या डावीकडे, नुपूर उजवीकडे. तिसऱ्या गाण्यानंतर यतिनला बोलावलं. कागद नाही. पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले, शाळेत कविता म्हणायला उभा राहिल्यासारखा. घसा खाकरला. आणि म्हणाला—

मला तिकडे जायचं नाही.

मला वाटलं मीच ऐकण्यात चूक करतेय. मग, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. माझीच वाक्यं! माझ्याच चढउतारांत! मी जिथे श्वास घेतला होता तिथेच त्याने घेतला. तिला दूर ठेवून मला देवाची सेवा करता येणार नाही. रेकॉर्डिंग मी पुसलंच नव्हतं. त्याच फोनवर होतं. आणि हा भला माणूस चुकीचं पाठ करून आला! सगळ्यांसमोर, समितीसमोर पोपटासारखं म्हणतोय आणि याला कळत नाही काय म्हणतोय. मला भीती वाटते.

पाचवं येणार. नवऱ्याला हे सांगायचं धैर्य. मी बाकाची कड धरली.

तो थांबला. इकडेतिकडे पाहिलं. विसरला! देवा, तुझे उपकार, विसरला. मान खाली घातली आणि म्हणाला, आमेन.

मग रोसाबाई उठल्या. काठी टेकत पुढे गेल्या, आणि त्याच्याकडे नाही, आमच्या सगळ्यांकडे तोंड करून बोलल्या. त्या सावकाश बोलतात म्हणून सगळं समजलं. म्हणाल्या, १९७४ साली मी माझ्या मुलाला आईकडे ठेवून इथे आले. सहा वर्षांनी आणला. तो आज बावन्न वर्षांचा आहे, चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. पण मला आई म्हणत नाही, रोसा म्हणतो. हे मी इथे कधी बोलले नव्हते. हा भाऊ बोलला म्हणून बोलले.

मग आणखी एक आजोबा. मग आणखी कोणी. निम्मं चर्च रडत होतं. मी नुपूरकडे पाहायचं धाडस केलं. तिला तर पहिल्या वाक्यापासून सगळं समजलेलं. समोर बघत होती, आणि माझी ओढणी मुठीत घट्ट धरली होती, तीन वर्षांची असताना धरायची तशी.

उपासनेनंतर समितीची खोली. ग्रॅहम सरळ इंग्लिशमध्ये म्हणाले, "यतिन, वॉज दॅट यॉर्स? ऑर डिड यू लर्न द राँग बिट?"

तो म्हणाला, "इट्स माइन, मेट."

ग्रॅहमनी माझ्याकडे पाहिलं. "चित्रा?"

आणि मग मी बोलले. स्पॅनिशमध्ये, कारण मला ते त्याच भाषेत येतं. त्रेचाळीस नंबर सांगितला. पाठ करून उभं राहणं सांगितलं. "मेट्रन"साठी शब्द येत नव्हता, म्हटलं, चाव्या असलेली बाई. यतिन ऐकत होता. चौदा वर्षांच्या संसारात त्याला हे पहिल्यांदा कळत होतं, आणि तेही परक्या भाषेत.

ग्रॅहमनी वही मिटली. म्हणाले, बोलिव्हियाला दुसरं कुटुंब मिळेल. जबरदस्तीने कुणी जात नसतं.

जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर फरशीवरच बसले, पाय पसरून, चपला तशाच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहा घेताना विचारलंच. खरं काय झालं?

यतिन म्हणाला, "फोनवर तुझी जुनी रेकॉर्डिंग्ज होती गं. मला वाटलं साक्षीची हीच. तीच घोकली. अर्ध्यात आल्यावर लोकांचे चेहरे बघितले आणि कळलं काय बोलतोय."

"मग थांबायचंस ना."

"थांबणार होतो. मग वाटलं, खरंच तर आहे. मलाही भीती वाटतच होती." बिस्कीट चहात बुडवलं. "चुकून का होईना, बाहेर पडलं. बरं झालं."

मी हसत सुटले. चौदा वर्षं मी म्हणतेय हा माणूस ऐकत नाही, आणि ऐकलं तर हे! पण मला दिसतं ते दिसतं: मला सांगवत नव्हतं, मी देवाला सांग म्हटलं, आणि त्याने याच्याच तोंडून सांगवलं. याहून उघड उत्तर कधी मिळालं नव्हतं. उपकारस्तुती केली, मोठ्याने, इस्त्रीच्या टेबलापाशी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाईंना यतिननेच सांगितलं. मी दाराआड. त्या म्हणाल्या, "पत्रिका छापल्यात रे." मग म्हणाल्या, "नुपूरला माझ्याशी बोलायला सांग." दोघी अर्धा तास बोलल्या. हसत होत्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ग्लोरियाबाईंनी क्लासला केक आणला. मंडळीच्या पंचांनी विचारलंय की इथेच थांबलात तर म्हाताऱ्यांकडे बघाल का? भेटी, प्रार्थना, दफनविधी, रुग्णालयात दुभाष्याचं काम. समितीलाही ही सेवा मान्य आहे. बोलिव्हिया नाही, फेअरफील्ड. यतिन "सी" म्हणाला. या वेळी प्रश्न समजून.

नवीन पाच वाक्यं मिळाली. पहिलं: आम्ही इथेच राहणार आहोत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

एल्बाबाईंना सांगितलं, आम्ही इथेच राहणार. "अर्थात," म्हणाल्या, "कुठे जाणार होतीस?"

१ डिसेंबर, सोमवार

नुपूरच्या हायस्कूलचा युनिफॉर्म आणला. एक साइझ मोठा घेतला, दोन वर्षं चालेल. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि अचानक म्हणाली, "आई, मी बोर्डिंगला गेले असते. आय वॉज ओके विथ इट." मी विचारलं, खरंच? म्हणाली, "नो." आणि दोघी इतक्या हसलो की यतिन बघायला आला.

किती हलकं वाटतं! जेवण जातं, झोप लागते. बसस्टॉपवरच्या अनोळखी बायकांशी बोलते. रोज आभार मानते. देवाला सांगते, माणसाची चूक सुधारण्याची तुझी ताकदही दांडगी आणि चूक करवण्याचीही.

३ डिसेंबर, बुधवार

यतिनने फ्रिजवरचा नकाशा काढला. जुन्या घड्यांवरच घडी घातली, एकेक कोपरा जुळवून, आणि कुठेतरी ठेवून दिला. फ्रिजचा तेवढा चौकोन बाकीच्यापेक्षा पांढरा आहे. तिथे नुपूरच्या शाळेचं वेळापत्रक लावलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

नुपूरला शाळेसाठी कोरी वही हवी होती. यतिनच्या टेबलाच्या खणात शोधत होते. नकाशा तिथेच होता, त्याच्याखाली त्याची स्पॅनिशची वही. उघडली.

एका पानावर त्याची स्वतःची साक्ष. मी वीस वर्षं वाट पाहिली. मला तिथे पाणी न्यायचं आहे. खाली तीस टिंबं. पूर्ण तीस. लेबनॉनचा न्हावी धरून नव्हे, नावं लिहिली आहेत.

त्यापुढच्या पानावर माझी पाच वाक्यं. त्याच्या अक्षरात. प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ, दोन ठिकाणी खोडून परत लिहिलेला, जिभेला जड जाईल तिथे खुणा. पाचव्या वाक्याखाली अर्थ आहे, आणि पुढे लिहिलंय: "हे म्हणायचं नाही. चित्राला वाईट वाटेल."

वर तारीख: ४ नोव्हेंबर. गाडीत बसून होता तो दिवस.

आणि मी गेले बारा दिवस देवाचे आभार मानतेय.